रायफल आली, फोटो झाला. नेम कधी लागणार?

दसरा आला की गावोगावच्या ग्रुपवर पोलीस मुख्यालयातल्या शस्त्रपूजनाचे फोटो फिरायला लागतात. सतरंजीवर ओळीनं मांडलेल्या रायफली, वर झेंडूच्या माळा, दस्त्याला हळदकुंकू आणि मागे हात जोडून उभे साहेब लोक. मी गेली वीस वर्षं हे फोटो छापतोय. पूजेला माझा अजिबात विरोध नाही. शेतकरी औताची पूजा करतो, शिंपी मशिनची करतो, आम्ही कॅमेऱ्याची करतो. पण सण सरला की औत रानात जातं, मशिन सुरू होतं, कॅमेरा गळ्यात पडतो. त्या सतरंजीवरच्या रायफलीचं पुढं काय होतं, हे आपण कधी विचारलंय का? ती शेवटची कधी चालली, कुणी चालवली आणि गोळी कुठं लागली?

हा प्रश्न आता विचारायचं कारण म्हणजे "पोलीस दल अत्याधुनिक होणार" छापाच्या बातम्या. निधी मंजूर, खरेदी झाली, हस्तांतरण झालं, पालकमंत्र्यांच्या हस्ते वगैरे वगैरे. गाड्या आल्या, कॅमेरे आले, हत्यारंही आली. चांगलंच आहे. पण मंडळी, गाडी आली म्हणजे ड्रायव्हर तयार झाला असं होत नाही, आणि रायफलीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं आहे. पेटीतून काढलेली रायफल ही अजून नुसती लोखंड आणि लाकूड असते. तिचं हत्यार होतं ते चांदमारीच्या मैदानावर.

आधी थोडं समजून घेऊ. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ज्या रायफली दिसतात त्यातली एक म्हणजे एसएलआर, सेल्फ लोडिंग रायफल. सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे काय, तर गोळी सुटली की तिच्याच मागच्या वायूच्या दाबानं रिकामं टरफल बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत बसतं. चाप मात्र प्रत्येक गोळीला वेगळा ओढावा लागतो. जुन्या थ्री नॉट थ्रीला दर गोळीनंतर हातानं बोल्ट मागं-पुढं करावा लागायचा. १९६२ च्या युद्धात आपले जवान तीच थ्री नॉट थ्री घेऊन लढले. त्यानंतर सैन्यात एसएलआर आली. मूळ आराखडा बेल्जियमचा, बनली बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात. ७.६२ मिलिमीटरची गोळी, वीस काडतुसांचं मॅगझिन, वजन चार किलोच्या वर. पुढे सैन्याकडे इन्सास आली आणि एसएलआर मोठ्या प्रमाणावर पोलिसांकडे आल्या. त्यामुळे पोलीस शिपायाच्या हातात "नवी" म्हणून येणारी रायफल कधी खरोखर नवी असते, कधी दुसऱ्यानं वापरून सोडलेली. पण ज्याच्या हातात ती पहिल्यांदा येते त्याच्यासाठी ती नवीच.

नवी कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस चावते. तिला तेल लावावं लागतं, घरातल्या घरात घालून फिरावं लागतं. नवा खोंड थेट पेरणीच्या दिवशी जुवाला लावत नाहीत, आधी मोकळ्या रानात रिकामं औत ओढायला लावतात. रायफलीचंही तसंच आहे.

आधी तिच्या अंगावरचं पॅकिंगचं ग्रीस पुसून काढतात. नळीतून दोरीला बांधलेली चिंधी ओढून नळी कोरडी करतात, कारण नळीत तेल राहिलं तर पहिली गोळी भलतीकडेच जाते. नळी "मुरवायला" सुरुवातीला दर गोळीनंतर साफ करावी की नाही, यावर नेमबाजांमध्ये जुना वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण आतले भाग एकमेकांवर घासून बसायला काही गोळ्या जाव्या लागतात, हे सगळेच मानतात. एसएलआरला वायूचा दाब कमी-जास्त करायला एक रेग्युलेटर असतो. दाब कमी पडला तर टरफल नीट बाहेर पडत नाही, रायफल अडकते. जास्त झाला तर धक्का वाढतो, भाग लवकर झिजतात. म्हणून दाब कमीपासून सुरू करतात, एकेक गोळी झाडत तो वाढवत नेतात, रायफल बिनचूक चालायला लागली की वर थोडी जादा सोय ठेवून तिथं थांबतात. प्रत्येक रायफलीचा हा आकडा वेगळा. तो मैदानावरच कळतो, स्टोअरच्या रजिस्टरमध्ये नाही.

मग येतं खरं काम, झिरोइंग. म्हणजे नजर जिथं आहे तिथंच गोळी जावी म्हणून रायफलीची माशी जुळवणं. शिपाई पालथा पडतो, रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवतो आणि एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या झाडतो. मग टार्गेटपाशी जाऊन बघायचं. पाची भोकं विखुरलेली असतील तर माशीला हात लावायचा नाही. श्वास, पकड, चाप ओढण्याची पद्धत, कुठेतरी माणसाचं चुकतंय किंवा रायफलीत दोष आहे. भोकं एका मुठीत आली पण मध्यापासून बाजूला आली, तर माणूस बरोबर आहे, आता रायफल जुळवायची. गोळी वर न्यायची असेल तर पुढची माशी खाली घ्यायची. गोळी उजवीकडे न्यायची असेल तर मागची साईट उजवीकडे सरकवायची. परत पाच गोळ्या. परत बघायचं. जुळेपर्यंत हेच.

आता यातला हिशोब बघा, कारण सगळा मुद्दा इथंच आहे. एसएलआरच्या पुढच्या माशीपासून मागच्या साईटपर्यंतचं अंतर साधारण ५५ सेंटीमीटर. माशी फक्त एक मिलिमीटरनं चुकलेली असली, तर शंभर मीटरवर गोळी साधारण १८ सेंटीमीटर चुकते. दोनशे मीटरवर ३६ सेंटीमीटर. एक मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या तीन-चार जाडींएवढं. आणि माणसाची छाती किती रुंद असते, ते घरातल्या टेपनं मोजून बघा. दोनशे मीटरवर छातीच्या मधोमध धरलेला नेम शेजारच्या माणसाला लागू शकतो. शंभर मीटरवर मांडीवर धरलेला नेम पोटात जाऊ शकतो.

जमावावर गोळी चालवायची वेळ येऊच नये. आलीच तर कमीत कमी बळ वापरायचं, हे कायद्याचं तत्त्व. पायावर मारा, कमरेच्या खाली मारा, असं आपण चहाच्या टपरीवर सहज बोलतो. पण ज्या रायफलीची माशी कुणी जुळवलेलीच नाही, तिच्यासाठी "कमरेखाली" या शब्दाला अर्थ काय? शिपाई कितीही सज्जन असो, कितीही शांत डोक्याचा असो, गोळी त्याच्या मनाप्रमाणे जाणार नाही, माशीप्रमाणे जाणार. मग चौकशी लागणार, शिपाई निलंबित होणार आणि मेलेल्याच्या घरी आम्ही पत्रकार कॅमेरा घेऊन जाणार. माशी कोण जुळवणार होतं, हे त्या चौकशीत कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट. झिरो हा रायफलीचा असतो तसा माणसाचाही असतो. एकाचा गाल दस्त्यावर पुढं टेकतो, दुसऱ्याचा मागं. एकाला चष्मा आहे, एकाची मान आखूड आहे. मी जुळवलेली रायफल तुमच्या हातात दिली तर ती थोडीफार चुकणारच. म्हणून रायफलीवर बट नंबर असतो आणि तो नंबर ठरावीक माणसाच्या नावावर असावा, ही जुनी शिस्त आहे.

प्रत्यक्षात काय चालतं? वार्षिक गोळीबार सरावाच्या ठिकाणी बातमीदार म्हणून तीन-चार वेळा उभं राहायची संधी मला मिळाली. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, कारण ही एकाच जिल्ह्याची गोष्ट नसावी. ओळीत चार रायफली. शिपायांची रांग. पहिल्यानं ठरलेल्या गोळ्या झाडल्या, उठला, त्याच रायफलीवर दुसरा पालथा पडला. मग तिसरा. टार्गेट तपासलं, गुण लिहिले, सही झाली. ज्याचे गुण कमी आले त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, गोळ्या विखुरल्या होत्या की एका बाजूला गेल्या होत्या? माशीला तर कुणी बोटही लावलं नाही. त्यातल्याच एका हवालदाराला मी विचारलं की ट्रेझरी गार्डला तुमच्याकडे हीच रायफल असते का. तो हसला. ड्युटीला जी हातात मिळेल ती, असं त्याचं म्हणणं. दोष त्याचा नाही. सराव हा सराव म्हणून नाही, रजिस्टर भरायला होतो, तेव्हा असंच होणार.

काही जण म्हणतील, आपलं गाव शांत आहे, इथं कुठं लढाई चाललीय? बरोबर आहे. पण जरा मोजा, आपल्या शांत गावात रायफल कुठं कुठं उभी असते. ट्रेझरीच्या दारात. निवडणुकीच्या वेळी मतदान यंत्रांच्या स्ट्राँग रूमबाहेर. आरोपीला कोर्टात नेणाऱ्या पार्टीबरोबर, तेही एसटी स्टँडच्या गर्दीतून. सणासुदीच्या बंदोबस्तात, मिरवणुकीच्या कडेला. तुमची-माझी पोरं त्या मिरवणुकीत नाचत असतात. एसएलआरची गोळी तीन किलोमीटरहून लांब जाऊ शकते. आपल्या तालुक्याच्या गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तरी तेवढं अंतर आहे का? हत्यार गर्दीत उभं करायचं असेल तर ते धरणारा हात तयार पाहिजे. नाहीतर लाठी बरी, निदान ती तीन किलोमीटर जात नाही.

आणि शांत गावाचं म्हणाल, तर २६ नोव्हेंबर २००८ च्या संध्याकाळी मुंबईचं सीएसटी स्टेशनही रोजच्यासारखंच होतं. दोघांच्या हातात एके-४७, समोर आपल्या पोलिसांकडे जुन्या रायफली आणि काठ्या. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर साताऱ्याच्या केडंबे गावच्या तुकाराम ओंबळेंनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं, आपण त्यांचे पुतळे उभारले, ते योग्यच. पण त्या हल्ल्यानंतर सरकारनं राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली होती, आणि पोलिसांना सरावासाठी काडतुसं पुरेशी मिळत नव्हती हा मुद्दा त्या समितीपुढे आला होता, हे किती जणांना आठवतं? शौर्याची आठवण आपण दरवर्षी काढतो. काडतुसांची काढत नाही.

बरं, हे आपल्याच राज्यात जमत नाही असंही नाही. गडचिरोलीचं सी-६० पथक १९९० पासून उभं आहे. तेही महाराष्ट्र पोलीसच. तिथं सराव हा जिवाचा प्रश्न आहे, म्हणून तो होतो. म्हणजे माणसं तीच, गणवेश तोच, राज्य तेच. फरक एवढाच की तिथं चुकीची किंमत त्याच दिवशी मोजावी लागते, आणि आपल्याकडे ती कधीतरी, कुणीतरी मोजेल यावर आपण दिवस ढकलतो.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहिती आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं. त्याची रायफल वेगळी, एकेक गोळी भरायची, खेळाची. पण त्या स्पर्धेचा एक नियम बघण्यासारखा आहे. मुख्य सामना सुरू होण्याआधी प्रत्येक नेमबाजाला तयारीसाठी आणि साईट जुळवण्यासाठी पंधरा मिनिटं मिळतात. त्या वेळी झाडलेल्या गोळ्या गुणांत धरत नाहीत. जगातल्या सगळ्यात चांगल्या नेमबाजांनाही, स्वतःच्या रोजच्या रायफलीवर, नुसत्या टार्गेटवर मारण्याआधी साईट जुळवायला वेळ लागतो. आणि आपण शिपायाला कुणाचीही रायफल देऊन गर्दीच्या तोंडावर उभं करतो.

अधिकाऱ्यांच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. मनुष्यबळ कमी. गणपती संपला की नवरात्र, मग निवडणूक, मध्येच एखाद्या नेत्याचा दौरा. सरावाची तारीख ठरते आणि बंदोबस्ताची ऑर्डर आली की पहिली काट तिच्यावर बसते. जागेचाही प्रश्न आहे. कित्येक गावांत चांदमारी हे आता फक्त वस्तीचं नाव उरलंय, मैदानावर प्लॉट पडलेत. जिथं मैदान शिल्लक आहे तिथं कडेला घरं आलीत, लोक तक्रार करतात, आणि त्यांचीही भीती खोटी नाही. पण या अडचणी रायफल खरेदी करताना कुणाला आडव्या आल्या नाहीत. खरेदीला निधी असतो, कारण खरेदीचा फोटो निघतो. काडतूस झाडलं की संपतं, त्याचं उद्घाटन करता येत नाही.

म्हणून आपण, म्हणजे सामान्य लोकांनी, चार साध्या गोष्टी मागायला हव्यात.

एक. जिल्ह्यात किती रायफली आहेत ते सांगू नका, ते गोपनीय असेल तर असू द्या. पण हत्यारी ड्युटी करणाऱ्यांपैकी किती टक्के लोकांचा या वर्षी सराव झाला आणि माणशी सरासरी किती गोळ्या झाडल्या, एवढे दोन आकडे दरवर्षी जाहीर करा. यानं कुठल्याही शत्रूला फायदा होत नाही.

दोन. प्रत्येक रायफलीचं एक कार्ड असावं. बट नंबर, कुणाच्या नावावर, शेवटचा झिरो कधी केला, कुणी तपासला. मोटारसायकलची पीयूसी आपण तारखेनिशी तपासतो की नाही? मग हे का नको?

तीन. जिल्हा नियोजन समितीतून असो की राज्याच्या निधीतून, हत्यारांच्या प्रत्येक खरेदीबरोबर सरावाची काडतुसं आणि मैदानाची दुरुस्ती यांचा खर्च त्याच कागदावर दाखवा. तो कागद नसेल तर खरेदीची फाईल पुढे सरकू नये.

चार. सरावाचे दिवस वर्षाच्या सुरुवातीला ठरवा आणि ते बंदोबस्तासाठी मोडायचे असतील तर बदली तारीख त्याच आदेशात लिहा. आजूबाजूच्या गावांना आधी दवंडी द्या, लाल झेंडा लावा, मागचा मातीचा बांध उंच करा. लोकांना विश्वासात घेतलं तर लोक अडवत नाहीत.

यातलं पहिलं काम आपणही सुरू करू शकतो. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. हत्यारांची संख्या, त्यांच्या जागा विचारायच्या नाहीत. सरावाची टक्केवारी आणि तारखा विचारायच्या. मी येत्या आठवड्यात अर्ज टाकतोय. उत्तर जे येईल ते, किंवा नकार आला तर तोही, इथंच जसाच्या तसा टाकेन. इतर तालुक्यातल्या मित्रांनीही आपापल्या जिल्ह्यात टाकावा, मग तुलना करता येईल.

आणि हे पोलिसांच्या विरोधातलं लिखाण आहे असं कृपा करून कुणी समजू नये. उन्हात, पावसात बारा-बारा तास ती चार किलोची रायफल खांद्यावर घेऊन उभा राहणारा शिपाई आपल्याच गल्लीतला आहे. उद्या खरंच वेळ आली तर सगळ्यात पुढं तो असणार, आणि हातातली रायफल कुठं मारते हे त्यालाच माहीत नसेल तर सगळ्यात आधी घात त्याचाच होणार. त्याला शंभर गोळ्या आणि दोन दिवस मैदानावर द्या, एवढंच मागणं आहे.

पोलीस खात्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले बरेच जण हे वाचतात. तुमच्याकडे सराव कसा होतो, माशी जुळवतात का, शेवटच्या किती गोळ्या कधी झाडल्या, नाव न लिहिता मेसेज केला तरी चालेल. माझं काही चुकत असेल तर खाली सांगा. पटलं असेल तर आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला पाठवा, खरेदीच्या पुढच्या कार्यक्रमाआधी त्यांनी वाचलेलं बरं.